तेवीसशे वॉट

दुपारी पावणेतीनला दमयंतीने जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या पडद्याकडे सहज पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. लोड तेवीसशे वॉट. तिने चष्मा पदराने पुसून पुन्हा पाहिलं. तेवीसशे दहा. गावातली लाईट जाऊन आज तिसरा दिवस, बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि घरात चालू काय होतं तर एक पंखा, तो अनिलच्या डोक्यावरचा, आणि एक फ्रिज. पंखा सत्तर वॉट, फ्रिज फार तर दीडशे. मग हे बाकीचे दोन हजार कोण खात होतं? ऐन उन्हात बॅटरी भरत जायला हवी, ती उतरत होती. बारा वाजता एक्काहत्तर टक्के होती, आता चौसष्ट. तिने आत जाऊन फ्रिज बंद केला, देवापाशी लागणारा छोटा दिवा काढला, पडवीतल्या बोर्डावर वाडीभरच्या लोकांनी आणून टोचलेले अकरा मोबाईल एकेक करून उपटले. परत आली. एकवीसशे साठ. मशीन खोटं बोलत असणार, असं तिला एकदा वाटलं. पण मशीन खोटं बोलत नाही आणि माणसं बोलतात, हे तिला नोकरीत तीस वर्षं काढल्यावर चांगलंच माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा राग आणखी वाढला.

राग तसा तीन दिवस साचत होता. पहिला राग उन्हावर. रत्नागिरीत उन्हाळे तिने कमी पाहिले नव्हते, पण हा उन्हाळा वेगळाच होता. वारा पडलेला, समुद्र अवघ्या तीन किलोमीटरवर असून त्याचा उपयोग शून्य, अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नाही. दिवसभर तापलेला जांभा रात्रभर भिंतीतून ऊब सोडत राहतो, तव्यावरून भाकरी काढल्यावर तवा सोडतो तशी. आंबोळीचं पीठ चार तासांत आंबून पातेल्याबाहेर येतं. मोबाईलवर सरकारी सूचना येते, की दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. पाणी प्या म्हणणाऱ्यांना कुणी सांगावं की पंप चालायला लाईट लागते? परवा दुपारी सगळ्या गावाचे एसी एकदम धापा टाकत होते तेव्हा वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळला. वास इथपर्यंत आला होता. विजेच्या ऑफिसात फोन केला तर आधी कुणी उचलत नव्हतं, मग उचललं आणि म्हणालं, काम चालू आहे. कुठे चालू आहे? कुणाचं चालू आहे? तिने विचारलं तेव्हा पलीकडच्या माणसाने अगदी शांतपणे फोन ठेवला.

दुसरा राग शुभंकरवर. मुलगा जहाजावर इंजिनिअर. गेल्या सुट्टीत आला तो दहा पॅनेल, भिंतीला टांगलेली बॅटरी आणि हे चकचकीत मशीन बसवून गेला. आईला उकडायला नको म्हणून. आता तो ब्राझीलच्या जवळपास कुठेतरी पाण्यावर आहे, आणि जहाजाला नेट मिळालं की तिथून त्याला आईच्या बॅटरीचे टक्के दिसतात. काल फोन आला तो असा: ‘आई, रात्री चाळीसच्या खाली गेली होती. काय चालू ठेवलं होतंस?’ आई, कशी आहेस, हे नंतर. ती म्हणाली, ‘पंखा चालू ठेवला होता, झोपायचं होतं ना मला!’ तर तो समजूतदारपणे हसला. तो हसला की अगदी ऑफिसातल्या साहेबांसारखा वाटतो, आणि हे तिला मनापासून आवडत नाही. पोटच्या पोराचं हसणं आवडत नाही हे कुणाला सांगायची सोय नाही. छपरावर त्याने ऊन पकडून ठेवलं आणि स्वतः मात्र हाताला लागला नाही. असं तिला रात्री वाटलं होतं, मग वाटल्याबद्दल वाईटही वाटलं होतं, आणि सकाळी पुन्हा रागच आला होता.

आणि तिसरा राग, तो सर्वांत ताजा, योगिनीवर. योगिनी म्हणजे दगडी गडग्यापलीकडची शेजारीण. नवरा लोट्याला कंपनीत, शिफ्टमुळे रविवारचा येतो तेवढाच, घरी ही आणि हिची चौऱ्याऐंशी वर्षांची सासू गंगाकाकी. काल सकाळी योगिनी आली आणि म्हणाली, ‘वहिनी, काकींना उकाडा सोसत नाय हो. छातीत घरघर करतंय. तुमची एक वायर द्या पलीकडे, एक पंखा चालला तरी खूप झालं.’ दमयंती म्हणाली, ‘वायर नको. काकींनाच घेऊन ये इकडे. कॉट लावते पंख्याखाली.’ योगिनीने तोंड पाडलं. कारण काकी यायच्या नाहीत हे दोघींनाही माहीत होतं. काकींना रात्री चारदा उठावं लागतं, कधी वेळेत उठता येत नाही, आणि ते दुसऱ्याच्या घरात व्हावं यापेक्षा त्या स्वतःच्या घरात उकडून मरतील. दमयंतीने बर्फ दिला, ओल्या चादरी दिल्या, ताकाची कळशी दिली. पण वायर म्हटल्यावर नाही म्हणजे नाही. योगिनी जाताना म्हणालीच, ‘राहू दे. एवढं छप्पर भरून सोलार घातलेत म्हणून विचारलं.’ संध्याकाळपर्यंत ते वाक्य वाडीभर फिरलं असणार. कारण मोबाईल लावायला येणाऱ्या बायका आज जरा जास्तच गोड बोलत होत्या.

तिला कंजूष म्हणोत. तिला वायरीचं भय होतं, आणि ते काही तिने टीव्हीवर पाहून घेतलेलं नव्हतं. तिचं लहानपण पोफळीच्या वसाहतीत गेलं. वडील पॉवर हाऊसमध्ये. डोंगराच्या पोटात वीज तयार होते आणि ती करणारे आपले बाबा आहेत, एवढंच तिला तेव्हा कळत होतं. बाकीच्या मुली वडिलांनी खाऊ आणला का पाहायच्या, ती दिवा लावून पाहायची आणि बाबा कामावर आहेत अशी खात्री करून घ्यायची. बाबा घरी फारसं बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी तिला कप फळीवर लावावेत तितक्या सहज सांगितली होती, की बंद तार आणि मेलेली तार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुणीतरी बंद केली म्हणून ती मेलेली असतेच असं नाही. पुढे तिला नोकरीही विजेच्याच ऑफिसात लागली, दुसऱ्या एका तालुक्याला, टायपिस्ट म्हणून. ऑफिसचं नावही आता तिला घ्यावंसं वाटत नाही. तिथे लवू नावाचा एक लाइनमन होता. कामाला वाघ, बोलायला लाजरा, टेबलापाशी आला की टोपी हातात धरून उभा राहायचा. गणपतीत एका गावाची लाईट गेली. मांडववाल्यांनी जनरेटर आणला आणि दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली. ऑफिसात अशा वायरीला दोन तोंडांची वायर म्हणत. घरात उजेड पडला. त्या घराचा मेन स्विच वरच, म्हणजे चालूच होता, त्यामुळे तोच करंट उलटा खांबावर चढला, आणि खांबावर लवू होता. तार बंद होती. त्याने स्वतःच बंद केली होती.

चौकशी झाली. अहवाल तिनेच टाईप केला, चार प्रतींत. मांडववाले वजनदार होते, साहेबांना बढती हवी होती, आणि लवू मेला होता, म्हणजे त्याच्यावर खापर फोडायला कुणाचीच हरकत नव्हती. ‘सदर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ कागद मशीनमधून काढताना तिला त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दिसली होती आणि ती तिने नीट दुरुस्त केली होती. हे तिला अजून आठवतं. सगळ्या कागदात चूक तेवढीच आहे अशा थाटात तिने ती दुरुस्त केली. महिन्याने लवूची बायको सखू ऑफिसात आली, तिला वाचता येत नव्हतं, तिने कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. ती सरळ दमयंतीच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, ‘बाय, ह्या तुमीच लिवलात काय?’ आणि दमयंती म्हणाली, ‘मी नुसतं टाईप केलं.’ तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. त्या उत्तराची तिला आज एकसष्टाव्या वर्षीही चीड येते, साहेबांची येते त्याहून जास्त.

दोन हजार चारशे.

आकडा वाढला. फ्रिज बंद करूनही वाढला. आता तिच्या कानाला काहीतरी लागलं. मघापासून येत असणार, रागात ऐकू आलं नव्हतं. बारीक घुं-घुं आवाज. गल्लीच्या टोकाला तीनच घरं. तिचं, काकींचं, आणि पलीकडचा मुंबईकरांचा बंगला, जो गेल्या दिवाळीपासून बंद आहे, कुलपाला गंज आलाय. आवाज त्या बंगल्यातून येत होता. टाकी उतरली की आपोआप सुरू होणारा पंप त्यांनी बसवलाय. तो चालू होता. गावात तीन दिवस लाईट नाही, माणूस नसलेल्या घरात पंप चालू आहे, आणि तिच्या जिन्याखाली दोन हजार चारशे वॉट. ती मागच्या दाराने धावली. न्हाणीघराच्या मागे, तोंडलीच्या वेलाखालून, गडग्यावरून पिवळी वायर पलीकडे गेलेली होती. इकडचं टोक तिच्याच न्हाणीघराच्या सॉकेटमध्ये. पानं वरून नीट पसरून ठेवलेली, तिला दिसू नये म्हणून.

अनिल. दुसरं कोण असणार! बँकेतून रिटायर झालेला, जगातल्या कुणालाही नाही न म्हणणारा तिचा नवरा. ह्या गडग्यावरून काय काय गेलं होतं चाळीस वर्षांत. कढीलिंब, फणसाचे गरे, विरजण, बाळंतिणीसाठी गरम पाणी. मागायचं नाही, सांगायचं नाही, जांभ्याच्या दगडावर ठेवायचं आणि हाक मारायची, अशीच इथली रीत. तशीच त्याने लाईटही दिली असणार. वाटी परत आली नाही तरी विचारायचं नाही, मग वायर कुठे कशी लावली ते तरी कोण विचारतो? नेमक्या त्याच वेळी पुढच्या रस्त्यावरून खांबावर चढायच्या लोखंडी आकड्यांचा खणखणाट आला आणि कुणीतरी ओरडलं, ‘वायरमन आला! आला एकदाचा!’ सकाळी तो गल्लीच्या तोंडाच्या खांबावरचा जोड सोडून गेला होता, ट्रान्सफॉर्मर बदलायला. आता तो जोड परत लावायला तो चढणार. गल्लीकडची तार हातात धरणार. त्याच्या लेखी ती बंद होती.

तिने वायर उपटली की ओढली ते तिचं तिलाही कळलं नाही. सॉकेटचं झाकणच हातात आलं. मग आत धावत जाऊन मशीनचा लाल स्विच पाडला, मेन पाडला, बॅटरीचा खटका पाडला, जे जे पाडता येत होतं ते ते पाडलं. पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा मंदावला तसा अनिल जागा झाला आणि गडग्यापलीकडून गंगाकाकींचा आवाज आला, दमलेला पण खणखणीत: ‘अगो, पंखा कुणी बंद केलान? जीव घेतंस काय माझा?’

‘अहो, दोन तोंडांची वायर दिलीत तुम्ही?’ ती ओरडली. अनिल उठून बसला, धोतराचा सोगा सावरत. ‘अगं, म्हातारी तळमळत होती. आणि मी योगिनीला मेन खाली करायला सांगितलं होतं. सगळं विचारून केलं.’ ‘कुणाला विचारून?’ ‘मोबाईलवर व्हिडिओ असतो.’ ती मागच्या दाराशी गेली. योगिनी गडग्यापाशी रागाने लाल होऊन उभी होती. ‘वहिनी, दादांनी दिली होती वायर, आम्ही चोरली नव्हती!’ ‘मेन कुठे आहे तुझा?’ ‘खालीच आहे. मी स्वतः खाली केला सकाळी.’ ‘बघून सांग.’ योगिनी पाय आपटत आत गेली, आणि आतून आधी काकीच बोलल्या, ‘तो मी वर केला. मेन खाली ठेवून लाईट आली ते समजायचं कसं आमाला? नुसतं बसून राहायचं काय?’

योगिनी बाहेर आली ती पांढरीफटक पडून. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही, गल्लीच्या तोंडाकडे नजर टाकताच तिला कळलं. खांबावर माणूस होता. एवढं सगळं एका बिचाऱ्या म्हातारीच्या शहाणपणाने झालं होतं, आणि तिचं शहाणपणही खोटं नव्हतं. ह्या वाडीत प्रत्येक घरात लाईट गेली की एक दिवा चालू ठेवतात, आली की कळावं म्हणून. ती स्वतः ठेवते. कुणावर रागवायचं? काकीवर रागवावं तर ती चौऱ्याऐंशीची, नवऱ्यावर रागवावं तर तो माणुसकी करून बसलेला, आणि तीन दिवस फोन ठेवून देणाऱ्यावर रागवावं तर त्याला नावच नाही. ‘अहो,’ ती अनिलला म्हणाली, ‘प्लॅस्टिकची खुर्ची घ्या आणि काकींना उचलून आपल्याकडे आणा. तुम्ही आणि योगिनी. शिव्या देतील, देऊ देत. तांब्या, बेडपॅन, दुलई सगळं आणा. आपल्या खोलीत, दार लावून. आल्यावर मगच बॅटरीचा खटका वर करा, आणि पंख्याशिवाय काही लावलंत तर माझ्याशी गाठ आहे.’ अनिल खुर्ची आणायला वळला. तिला त्याची दयाही आली, पण थांबायला वेळ नव्हता.

ती छत्री न घेता रस्त्यावर आली. ऊन टाळूवर बसलं. खांबावरचा माणूस जोड लावून खाली उतरला, तिशीचा, सडपातळ, शर्ट पाठीला चिकटलेला. तिने नाव विचारलं. विनीत, म्हणाला, गाव मंडणगडकडे, ठेकेदाराकडे कामाला. ती धाप टाकत म्हणाली, ‘तू चढायच्या आधी ह्या तारेत करंट होता. आमच्या घरातून. आमच्या सोलारचा.’ त्याने विचारलं, ‘आता नाय ना?’ ‘आता नाही. पाच-सात मिनिटं झाली मी बंद करून.’ तो हिशेब केल्यासारखा खांबाकडे बघत म्हणाला, ‘समोरच्या काकूंनी सरबत दिलं, ते पीत बसलो. नायतर तेव्हाच चढलो असतो.’ एवढंच म्हणून तो आकडे खांद्यावर टाकायला लागला. तिला वाटलं होतं तो ओरडेल, शिव्या देईल, निदान घाबरेल. तिला त्या शिव्या हव्या होत्या.

‘तुम्ही वर तारेवर करंट जमिनीत उतरवणारी साखळी टाकत नाही का आधी?’ तिने विचारलं. ‘टाकतो की. असली तर.’ ‘म्हणजे?’ ‘दोन गँगना मिळून एकच आहे, काकू. आज ती मिऱ्याच्या गँगकडे.’ ‘मग हातमोजे?’ त्याने हात पुढे केले. हातात काही नव्हतं, फक्त घट्टे. ‘उलट्या हाताने बघतो आधी. करंट असला तर हात फेकला जातो. सुलट्याने धरला तर सुटत नाय.’ मग जरा हसून म्हणाला, ‘तुम्ही येऊन सांगितलंत तरी. सांगत कोण नाय. सकाळपासून दोनदा झटका खाल्लाय. पहिल्यांदा मी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, सांभाळून काम करता येत नाही तुला?’

दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांभाळून काम! चौतीस वर्षांत एवढासुद्धा फरक पडला नव्हता, शब्दसुद्धा बदलले नव्हते, फक्त मशीनची शाई जाऊन मोबाईल आला होता. ह्याच्या हाताला काही झालं असतं तर उद्या तेच वाक्य कुणीतरी कुठेतरी टाईप केलं असतं, आणि कुणाचं घर, कुणाची वायर, कुणी विचारलंही नसतं. तिचं घर निर्धास्त राहिलं असतं. शुभंकरला ब्राझीलजवळ नुसते टक्के दिसले असते. ‘अजून किती खांब आहेत?’ तिने विचारलं. ‘ह्या लायनीवर सहा.’ ‘आणि ह्या लायनीवर इन्व्हर्टर, जनरेटर, सोलार कुणाकुणाकडे आहेत, माहीत आहे तुला?’ ‘ते मला कसं कळणार?’ पण तिला माहीत होतं. तीन दिवस पडवीत बसून बायकांनी एकमेकींना तेच तर सांगितलं होतं, कुणाकडे काय आहे आणि कुणाकडे किती वेळ चालतं. ती म्हणाली, ‘मी येईन आणि चढ म्हणेन तेव्हाच चढायचं. त्याआधी नाही. साहेबांचा फोन आला तरी नाही.’ तो पुन्हा हसायला गेला, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबला आणि खांबाच्या सावलीत बसला.

पहिल्या घरात दोन तोंडांची वायर तिने स्वतःच्या हाताने उपटली. दुसऱ्या घरात माणसं म्हणाली, आमचं सगळं बरोबर आहे हो वहिनी, आणि खरंच बरोबर होतं, तरी तिने बॉक्स उघडून पाहिला. मागे गल्लीतून खुर्चीवर बसलेल्या काकींचे शब्द इथवर ऐकू येत होते, आणि ते शब्द लिहिण्याजोगे नव्हते. तिसरं घर मोठं, फाटकाला बेल, ओट्यावर जनरेटर भकभकत होता आणि आत एसीचा गारवा. नुकत्याच राहायला आलेल्या त्या गृहस्थांनी दार अर्धंच उघडलं. घामाने निथळलेली, पदर खोचलेली, उन्हात काळवंडलेली बाई पाहून ते म्हणाले, ‘मेन कशाला दाखवायचा? ऑफिसातून आलात का? तुम्ही कोण?’

उत्तर तिच्या तोंडाशीच होतं, फक्त इतकी वर्षं ते कुणी बोलताना तिने ऐकलं नव्हतं. ‘आज ज्या घरातून त्या खांबावर करंट गेला,’ ती म्हणाली, ‘त्या घरची मी. तो माणूस मेला असता. माझ्या घरामुळे मेला असता. आता तुमचा मेन दाखवा.’

ते गृहस्थ बाजूला झाले की नाही, हे न पाहता ती चपला न काढताच आत शिरली.